छोटा ट्रॅक्टर, मोठं लॉन: गवत कापताना जमीन कशी सांभाळायची

घोडबंदर रोडवरचं लग्नाचं लॉन असो, खारघर-नेरूळची मोठी बाग असो, नाहीतर टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कंपनीचं मैदान. ट्रॅक्टर फिरून गेल्यावर आठ दिवसांनी तिथे जाऊन बघा. कापलेलं गवत बहुतेक ठिकाणी नीट वाढलेलं असतं. डोळ्यांत खुपतात त्या तीन जागा: वळायची टोकं, चाकांचे दोन पट्टे आणि पाणी साचणारा खोलगट भाग. ब्लेडने झालेली चूक पंधरा दिवसांत भरून येते. टायरने झालेली चूक दोन-तीन महिने तशीच दिसत राहते. म्हणून इथे कापण्यापेक्षा चालवण्यावर जास्त लिहिलं आहे.

ट्रॅक्टर खरंच लागतो का?

सलग आणि मोकळी दीड-दोन एकर जागा असेल तरच ट्रॅक्टरचा विचार करा. त्याहून लहान जागेत वळण्यातच निम्मा वेळ जातो आणि निम्मं लॉन वळणाखाली येतं. सोसायटीच्या दोन इमारतींमधल्या दहा-पंधरा फुटांच्या पट्ट्या, झाडांचे गोल आळे, कारंज्याभोवतीची हिरवळ ही हाताने ढकलायच्या मोवरची (गवत कापायच्या यंत्राची) कामं आहेत. तिथे ट्रॅक्टर घालायचा मोह टाळा.

वेळेचा अंदाज असा काढा. पाच फुटी, म्हणजे साधारण दीड मीटरचा डेक (मोवरचा ब्लेड झाकणारा पत्र्याचा भाग). दर फेरीला दहा सेंटिमीटर आधीच्या पट्ट्यावर चढवायचे, म्हणजे कामाची रुंदी उरली १.४ मीटर. ताशी ४ किलोमीटर वेगाने कागदावर तासाला ५,६०० चौरस मीटर होतात. वळणं, थांबणं, उचलसाचल धरून त्यातले पाऊण पदरात पडतात: ४,२०० चौरस मीटर, म्हणजे एक एकरापेक्षा किंचित जास्त. फुटबॉलचं १०५ बाय ६८ मीटरचं मैदान धरलं तर पावणेदोन तास. ‘अर्ध्या तासात मारून देतो’ म्हणणारा माणूस कुठल्या वेगाने फिरणार आहे, हे या हिशेबावरून ओळखा.

कुठला ट्रॅक्टर, कुठला मोवर

बागायतीसाठी मिळणारे १५ ते २८ एचपीचे छोटे ट्रॅक्टर या कामाला पुरतात. त्यातही वजनाने हलका तो बरा. पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागचा, मोवर फिरवणारा दांडा) मिळणारी ताकद इंजिनच्या एचपीपेक्षा कमी असते, हे लक्षात ठेवा. डेकच्या दर फुटाला पीटीओची चार-एक एचपी धरली की हिशेब चुकत नाही. २४ एचपीच्या ट्रॅक्टरला पाच फुटी डेक आणि १५ ते १८ एचपीच्या ट्रॅक्टरला फार तर चार फुटी. लोभाने सहा फुटी लावला तर दाट गवतात इंजिन दबतं, ब्लेडचा वेग पडतो आणि गवत कापलं न जाता फाटतं.

डेकची रुंदी मागच्या टायरच्या बाहेरच्या कडांपेक्षा दोन्ही बाजूंना निदान १० सेंटिमीटर जास्त हवी. मागे लावलेल्या मोवरमध्ये ट्रॅक्टरची चाकं आधी उभ्या गवतावरून जातात आणि मग ब्लेड येतं. डेक अरुंद असेल तर चाकाने दाबलेलं गवत बाजूला न कापताच उरतं आणि दुसऱ्या दिवशी उभं राहतं.

मोवर ‘रोटरी फिनिशिंग’ प्रकारचा घ्या: तीन ब्लेड, कोपऱ्यांवर चार उंची-चाकं, मधे घासू नये म्हणून रोलर. स्लॅशर हे झुडपं आणि रान साफ करायचं अवजार आहे. त्याची ब्लेड जाड आणि बोथट असतात, काम झोडपण्याचं असतं. लॉनवर कोणी स्लॅशर घेऊन आला तर चहा पाजून परत पाठवा. रील मोवरची कात्रीसारखी कापणी सगळ्यात देखणी होते, पण त्याला सपाट, खडे नसलेली जमीन आणि दर आठवड्याची कापणी लागते. नवशिक्याने रोटरीवर हात बसवावा.

आता टायर. शेतीच्या टायरला व्ही आकाराचे उंच दात असतात. मऊ मातीत ते रुततात, वळताना गवताच्या मुळांसकट खपली काढतात. लॉनसाठी रुंद, बसक्या नक्षीचे टर्फ टायर असतात. ते मागवून घ्यावे लागतात आणि स्वस्त नाहीत, पण दर महिन्याला तीन-चार वेळा कापायचं असेल तर हा खर्च टाळू नका. शेतीच्याच टायरवर भागवायचं असेल तर जमीन पूर्ण कोरडी हवी आणि वळण मोठं. यात सवलत नाही.

हवेचं गणित सोपं आहे. टायरखाली जमिनीवर पडणारा दाब साधारण टायरमधल्या हवेच्या दाबाइतकाच असतो. गेजवर २० पीएसआय असेल तर जमिनीवर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ १.४ किलो, १२ असेल तर ०.८५ किलो. उभ्या माणसाच्या पावलाखाली ०.३ ते ०.४ किलो येतं. टर्फ टायरमध्ये १० ते १४ च्या दरम्यान हवा ठेवा. ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेल्या किमान आकड्याखाली मात्र जाऊ नका, रिमवर टायर सरकतो. दोन्ही मागच्या चाकांत हवा सारखी हवी. एकात कमी असेल तर ट्रॅक्टर कलतो, डेक कलतो आणि लॉनवर पायरी उमटते.

ट्रॅक्टर भाड्याने आणणार असाल तर अजून एक गोष्ट विचारा, जी फारसं कोणी विचारत नाही: मागच्या टायरमध्ये पाणी भरलंय का? चिखलणीला पकड यावी म्हणून शेतकरी टायरमध्ये पाणी भरतात, वर चाकांना लोखंडी वजनं लावतात. भाताला ते योग्यच आहे, पण लॉनवर ते काही क्विंटल फुकटचं ओझं. पाणी काढून घ्या, वजनं उतरवा. मोवर उचलल्यावर पुढची चाकं हलकी पडत असतील तर पुढे लागतील तेवढीच वजनं लावा. मुरबाड-कर्जतकडून शेतातून थेट आलेला ट्रॅक्टर असेल तर आत घेण्याआधी टायर पाइपने धुऊन घ्या. दातांत अडकलेल्या चिखलातून लव्हाळ्याच्या गाठी येतात आणि लॉनमध्ये एकदा लव्हाळा शिरला की वर्षानुवर्षं खुरपत बसावं लागतं.

जमीन आज ट्रॅक्टर सोसेल का?

नवी मुंबईचे वाशी-नेरूळसारखे खाडीलगतचे नोड भरावावर उभे आहेत. खाली खाडीचा चिकट गाळ, वर मुरूम आणि त्यावर लॉनसाठी टाकलेली लाल माती, बऱ्याच ठिकाणी सहा-आठ इंचच. बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे सिडकोने इथे धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की पाणी खाडीत जात नाही, तलावात थांबतं. खाडीकाठच्या लॉनमध्ये वरून कोरडं दिसणारं गवत आणि खाली दोन इंचांवर ओली माती हा प्रकार म्हणूनच वारंवार दिसतो. ठाण्यात येऊरच्या पायथ्याला वेगळी तऱ्हा. तिथे डोंगरावरून मुरणारं पाणी पाऊस थांबल्यावरही काही दिवस झिरपत राहतं.

ओल्या मातीचे कण टायरखाली एकमेकांवर बसतात आणि मधली हवेची पोकळी जाते. मुळांना हवा मिळत नाही, पाणी खाली जात नाही. पुढच्या पावसात तिथेच डबकं, डबक्यात पुन्हा टायर. चाकांचे पट्टे पिवळे पडतात ते यामुळे.

परीक्षा दोन मिनिटांची आहे. बुटाच्या टाचेवर सगळं वजन देऊन सर्वांत खोलगट जागी गर्रकन अर्धं वळा, मग पाय उचलून खाली वाकून बघा. गवत नुसतं दबलंय आणि हळूहळू उठतंय? चालेल. टाचेचा खळगा तसाच राहिला, कडा चकाकल्या किंवा तळाला ओल चमकली? आज ट्रॅक्टर नाही. मग सहा इंची स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसा. लोण्यात जावा तसा गेला तर अजून एक दिवस थांबा. बाहेर काढल्यावर पात्याला चिकट माती लागली असेल तरीही तेच.

स्प्रिंकलर कापणीच्या २४ तास आधी बंद करा, चिकट मातीत ३६ तास. वाळूच्या थरावर बांधलेल्या मैदानाचा निचरा जलद होतो, तिथे १२ तास पुरतात.

किती उंचीवर कापायचं

एका वेळी पात्याचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढायचा नाही. ४० मिलिमीटर ठेवायचं असेल तर गवत ६० झालं की कापा. सुट्ट्यांत दुर्लक्ष होऊन १२० झालं असेल तर पहिल्या दिवशी ८०, तीन-चार दिवसांनी ५५, त्यानंतर ४०. एकदम खाली उतरलात तर हिरवा भाग जातो, पिवळे देठ उरतात आणि उन्हाने लॉन भाजतं.

हरळी किंवा सिलेक्शन वन: २५ ते ४० मिलिमीटर. मैदानावरचं संकरित बर्म्युडा १५ ते २५ वर छान दिसतं, पण तेवढं खाली सपाट जमिनीवरच जमतं, आणि नवशिक्याने २५ च्या खाली जाऊ नये. कार्पेट लॉन २५ ते ४०. झाडांच्या सावलीतलं रुंद पात्याचं शेड लॉन ५० ते ७५, कारण सावलीत त्याला जास्त पान लागतं. जमीन उंचसखल असेल तर यात १०-१५ मिलिमीटर वाढवा.

उंची लॉनवर मोजू नका. पार्किंगच्या पक्क्या, सपाट जागेवर मोवर टेकवा, इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला. जाड हातमोजा घालून ब्लेड फिरवा आणि ब्लेडच्या टोकापासून जमिनीपर्यंत पट्टीने मोजा: ब्लेड पुढे असताना, मागे असताना, डावीकडे, उजवीकडे. डावं-उजवं सारखं हवं. पुढचं टोक मागच्यापेक्षा ६ ते १० मिलिमीटर खाली हवं, म्हणजे ब्लेड पुढच्या बाजूने एकदाच कापतं. मागची बाजू खाली राहिली तर तेच गवत दोनदा घासलं जातं, डिझेल जास्त जातं आणि मागे रेघा उमटतात.

मोवर जोडताना

१. ट्रॅक्टर मोवरच्या सरळ रेषेत मागे घ्या. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. आता मोवर धरणारे ट्रॅक्टरचे मागचे तीन दांडे जोडा: आधी डावी लोअर लिंक, मग उजवी (तिला उंचीचं हँडल असतं, जुळवणं सोपं जातं), शेवटी टॉप लिंक. प्रत्येक पिनला, ती निसटू नये म्हणून, लिंच पिन.

२. दोन्ही बाजूंच्या चेक चेन (मोवर आडवा झुलू न देणाऱ्या साखळ्या) ताणा. मोवर दोन-तीन सेंटिमीटर हलला तर हरकत नाही. त्याहून जास्त झुलला तर वळताना उंची-चाकं गवत ओरबाडतात.

३. टॉप लिंकची पिन मोवरच्या लांबट खाचेच्या साधारण मधोमध येईल अशी लांबी ठेवा. पुढची चाकं उंचवट्यावर चढली की मोवरला स्वतंत्रपणे तरंगायला ही खाच लागते. टॉप लिंक ताणून बसवली तर ट्रॅक्टरच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर डेक वर-खाली होतो आणि लॉनला टक्कल पडतं.

४. पीटीओ शाफ्टची लांबी तपासा. मोवर सर्वांत खाली आणि सर्वांत वर अशा दोन्ही स्थितींत आतला पाइप बाहेरच्यात निदान एक तृतीयांश असावा, आणि शाफ्ट पूर्ण मिटून टेकू नये. मिटून टेकला तर गिअरबॉक्स फुटतो. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फाटलेलं असेल तर नवीन टाका, तोवर काम सुरू करू नका. ओढणी, मफलर, सैल शर्ट या शाफ्टपासून लांब.

५. कापताना लिफ्टचा लिव्हर पूर्ण खाली. उंची मोवरची चाकं धरतात, ट्रॅक्टरची लिफ्ट नाही. नवीन ड्रायव्हर सवयीने लिव्हर अधेमधे ठेवतो, मग पुढच्या प्रत्येक खड्ड्याला गवत खाली-वर कापलं जातं.

एक क्लच असलेल्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरांत क्लच दाबला की पीटीओही सुटतो, पण फिरत्या ब्लेडचा जोर उलटा गिअरबॉक्समध्ये येतो आणि ट्रॅक्टर क्लच दाबूनही दोन-तीन फूट पुढे ढकलला जातो. समोर कुंपण असेल तर हे महागात पडतं. अशा ट्रॅक्टरला पीटीओवर ओव्हररनिंग क्लच बसवून घ्या, तो ब्लेडचा जोर उलटा येऊ देत नाही.

आधी पायी फिरा

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि नेमका हाच वगळला जातो. लग्नाच्या लॉनमध्ये मांडवाचे लोखंडी खुंट, तारेचे तुकडे, खिळे. दिवाळीनंतर फटाक्यांच्या तारा, संक्रांतीनंतर मांजा, जो ब्लेडच्या शाफ्टला गुंडाळून बेअरिंगचं सील कापतो. नारळाच्या झावळ्या, दगड, बाटल्या. दोन माणसांनी दोरी धरून पट्ट्या-पट्ट्याने चाला, मंडपवाल्याने नुकतंच सामान काढलं असेल तर लोहचुंबकाची पट्टी ओढा. पॉप-अप स्प्रिंकलर, व्हॉल्व्हचे बॉक्स, लाइटच्या केबल यांच्याशेजारी लाल झेंड्या. वर अडकून राहिलेलं एक स्प्रिंकलरचं डोकं ब्लेडखाली आलं की ब्लेड, स्प्रिंकलर आणि त्या दिवसाचं काम तिन्ही जातात.

मार्च ते ऑगस्ट टिटवी उघड्या मैदानावर अंडी घालते, नुसत्या खळग्यात. डोक्यावर ओरडत घिरट्या घालणारी टिटवी दिसली तर खाली बघा आणि तेवढा गोल सोडून कापा.

प्रत्यक्ष कापणी

हाताची रेस वाढवून मीटरवरच्या ५४० पीटीओच्या खुणेपर्यंत (पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे) न्या आणि तिथेच ठेवा. वेग कमी करायचा असेल तर गिअर उतरवा, रेस नाही. रेस उतरवली की ब्लेडही हळू फिरतं. लो रेंजमध्ये ताशी ३ ते ५ किलोमीटर, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाच्या आतबाहेर. दाट गवतात इंजिनचा आवाज दबला तर एक गिअर खाली. पीटीओ चालू करताना इंजिन मंद, मग हळूहळू रेस. भर रेसमध्ये पीटीओ टाकला तर शिअर बोल्ट (जास्त जोर आला की आधी तुटणारा बोल्ट) तुटतो. क्लच सावकाश सोडा. झटक्याने सोडला की मागची चाकं जागेवर एक पाव फेरा घेतात आणि गवतात दोन तपकिरी चट्टे सोडतात.

आधी कडेकडेने तीन-चार फेऱ्या मारून चारही बाजूंना वळायला जागा करा. बाहेर फेकलं जाणारं गवत रस्त्याकडे किंवा माणसांकडे जाणार नाही अशी पहिल्या फेरीची दिशा निवडा. ३० मीटरच्या आत कोणी उभं राहू द्यायचं नाही. (गायबगळे ऐकत नाहीत. किडे टिपायला ते मोवरच्या मागेच असतात, आणि त्यांना बरोबर कळतं किती जवळ यायचं.)

मधल्या पट्ट्या सरळ मारा. पहिली पट्टी सरळ यावी म्हणून समोर एखादं झाड किंवा खांब धरा आणि नजर त्याच्यावर ठेवा, बोनेटवर नाही.

खरा मुद्दा वळण. वळताना पुढचं चाक गवतावर काय करतं ते एकदा खाली बसून बघण्यासारखं असतं. मोठ्या वळणात चाक लोळतं, पाती वाकतात आणि मागे उठून उभी राहतात. स्टेअरिंग पूर्ण कापलं की चाक लोळायचं सोडून आडवं घासतं: आधी पाती एका दिशेला ओढली जातात, मग हरळीचे धावरे (जमिनीवर पसरणारी खोडं) ताणले जातात, मग सतरंजी सरकावी तशी वरची अर्धा इंच चटई मातीपासून सुटते. वरून ती हिरवीच दिसते. तीन दिवसांनी करड्या रंगाचा चंद्रकोरीसारखा डाग पडतो तेव्हा कळतं.

म्हणून शेजारच्या पट्टीत लगेच वळू नका. छोटा ट्रॅक्टर ब्रेक न लावता वळायला साधारण साडेचार-पाच मीटर रुंदी घेतो, आणि पट्टी आहे १.४ मीटरची. दहा पट्ट्यांचा गट करा आणि असं फिरा: पहिली, सहावी, दुसरी, सातवी, तिसरी, आठवी, चौथी, नववी, पाचवी, दहावी. प्रत्येक वळण साडेपाच ते सात मीटरचं मिळतं, स्टेअरिंग कधीच पूर्ण कापावं लागत नाही. सुरुवातीला पट्ट्यांच्या तोंडाशी चुन्याच्या खुणा करा. टोकाला पेव्हर ब्लॉकचा रस्ता असेल तर वळण तिथेच घ्या, डेक उचलून आणि कोणी नाही बघून. रस्त्याची उंच कड चढायला जाड फळी ठेवा.

वळताना आणखी चार गोष्टी:

दोन्ही ब्रेक पेडल लॅचने जोडून ठेवा. शेतात एका चाकाचा ब्रेक मारून वळायची सवय असलेला ड्रायव्हर लॉनवरही तेच करतो आणि मागच्या चाकाखाली ताटाएवढं भगदाड पडतं.

फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर सपाटीवर तो काढून टाका. त्यात पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त ओढ घेतात, वळताना हा फरक गवत सोसतं.

डिफरन्शियल लॉकला (तो मागची दोन्ही चाकं सारख्याच वेगाने फिरवतो) लॉनवर हात, किंवा पाय, लावायचा नाही.

ट्रॅक्टर उभा असताना स्टेअरिंग फिरवायचं नाही. चाक फिरत असताना वळवा. रिव्हर्स घेताना आधी मोवर उचला, नाहीतर उंची-चाकं उलटी होऊन जमिनीत शिरतात.

पुढच्या आठवड्यात दिशा बदला: या वेळी उभं, पुढच्या वेळी आडवं, त्यानंतर तिरकं. एकाच वाटेने दर आठवड्याला गेलं की पाती एका बाजूला झोपतात आणि चाकांची चाकोरी पडते. सुरुवातीची पट्टीही अर्ध्या डेकने सरकवा.

उतार

बागांमधल्या मातीच्या टेकड्या दिसायला छान, कापायला धोक्याच्या. उतारावर ट्रॅक्टर वर-खाली चालवा, आडवा नाही. १५ अंशांपेक्षा जास्त उतार, म्हणजे चार मीटर चालल्यावर एक मीटरपेक्षा जास्त चढ, ट्रॅक्टरसाठी नाहीच. तिथे ब्रश कटर. उतरताना लो गिअर आणि इथे मात्र फोर-व्हील चालू, म्हणजे पुढची चाकंही रोखून धरतात. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये उतरायचं नाही. रोलबार उभा, सीट बेल्ट लावलेला. ओल्या गवतावर उतार अजिबात नाही.

पावसाळा आणि बाकीचे महिने

ठाण्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. गवत सर्वांत जोरात तेव्हाच वाढतं आणि ट्रॅक्टर नेमका तेव्हाच घालता येत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाचा पाऊस लागण्याआधी, एक चांगली कापणी करून घ्या आणि त्यानंतर उंची १०-१५ मिलिमीटर वाढवा. जुलैत टाचेच्या परीक्षेत जमीन पास होईल असे दिवस मोजकेच. सलग दोन उघडे दिवस मिळाले तर दुसऱ्या दिवशी दुपारनंतर उंच भागापासून सुरू करा, खोलगट भाग हाताच्या मोवरला सोडा. लग्नाचं लॉन असेल आणि मालक ‘उद्या कार्यक्रम आहे’ म्हणत असेल तरी ओल्यात ट्रॅक्टर घालू नका. पाहुण्यांना वाढलेलं गवत दिसत नाही, चाकाच्या चऱ्या दिसतात.

पावसात कापलेल्या गवताचे गोळे उचलून टाका. खाली राहिले तर दोन दिवसांत आतलं गवत पिवळं पडतं आणि बुरशी धरते. कोरड्या दिवसांत बारीक कापलेलं गवत तिथेच राहू द्या, मातीला नत्र मिळतं.

सप्टेंबरपर्यंत पाच-सात दिवसांनी कापणी, ऑक्टोबरच्या उन्हात आठ-दहा, थंडीत बारा-पंधरा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दव असतं. मैदानावरचे माळी लांब दोरी दोन टोकांना धरून गवतावरून ओढत नेतात आणि दव झटकतात. तासाभरात पाती कोरडी होतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर किंवा चार वाजल्यानंतर कापा. भर दुपारी कापलेलं लॉन संध्याकाळपर्यंत करपल्यासारखं दिसतं.

लॉन बघून चूक ओळखा

कापल्यानंतर दोन दिवसांनी चार-पाच पाती खुडा आणि डोळ्यांजवळ धरा. टोक सरळ कापलेलं, कडेला पांढरी बारीक रेघ असेल तर ब्लेड धारदार आहे. टोकाला धागे लोंबत असतील, दोन-तीन मिलिमीटर तपकिरी झालं असेल तर ब्लेड बोथट आहे किंवा रेस कमी होती. लांबून हेच लॉनवर राखेची झाक आल्यासारखं दिसतं. पुष्कळजण मग खत टाकतात, पाणी वाढवतात. ब्लेडला धार लावा.

पट्ट्यांच्या मधे गवताची रेघ उभी राहिली: आधीच्या पट्टीवर पुरेसं चढला नाहीत. एका बाजूला सतत खाली कापलं: टायरची हवा किंवा उजव्या लोअर लिंकचं हँडल. उंचवट्यावर टक्कल: उंची वाढवा आणि पुढच्या वेळी त्या जागी दिशा बदलून जा. डेक थरथरतो: ब्लेडचा तोल गेलाय, ताबडतोब थांबा.

धार दर ८-१० तासांनी. लॉनवर क्रश सँड टाकली असेल तर त्याहून लवकर, कारण तिचे कोनदार कण धार खातात. ब्लेड काढायच्या आधी इंजिन बंद, किल्ली काढलेली, मोवरखाली लाकडी ठोकळे. लिफ्टच्या भरवशावर कधीही खाली शिरायचं नाही. मूळचा कोन धरून घासा, तो साधारण ३० अंशांचा असतो, आणि पातं निळं पडेल इतकं ग्राइंडरवर तापवू नका. मग मधल्या भोकातून खिळ्यावर टांगा. जी बाजू खाली जाते ती पाठीमागून थोडी घासा.

काम झाल्यावर

डेकच्या खालचं गवत त्याच दिवशी काढा. वाळलं की सिमेंटसारखं धरतं आणि पुढच्या वेळी हवा फिरत नाही. खाडीच्या हवेत लोखंड लवकर गंजतं, म्हणून धुतल्यावर पुसून स्पिंडल (ब्लेड फिरवणारा दांडा) आणि पीटीओ जॉइंटला दर ८ तासांनी ग्रीस. रेडिएटरची जाळी प्रत्येक वेळी झटका. डिझेल रस्त्यावर भरा, लॉनवर नाही. हायड्रोलिक तेल सांडलं तर लगेच भुसा किंवा माती टाकून शोषून घ्या आणि साबणाच्या पाण्याने धुवा. जास्त मुरलं असेल तर दोन-तीन इंच माती काढून तिथे नवीन तुकडा बसवणं हाच इलाज आहे.

आणि चाकाची चरी पडलीच तर रोलर फिरवून ती सपाट करायला जाऊ नका. शेजारची जमीन दाबून चरीच्या पातळीला आणण्याचाच तो प्रकार. चार-पाच दिवस सुकू द्या. मग चरीच्या दोन्ही कडांना दात्यांचं फावडं (फोर्क) तिरकं घालून दबलेली माती हळूच वर उचला, गवत न उपटता. उरलेला खळगा वाळू आणि लाल माती निम्मी-निम्मी मिसळून भरा, एका वेळी १०-१२ मिलिमीटर, पात्यांची टोकं वर राहतील एवढंच. गवत वर आलं की पुन्हा एक थर. चटई सुटलेली असेल तर पायाने दाबून बसवा, पाणी द्या, आठ दिवस तिथे कोणाला चालू देऊ नका. उबदार महिन्यांत हरळीचे धावरे दोन-तीन आठवड्यांत जागा भरून काढतात. वर्षभरात घट्ट झालेले पट्टे ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरून माती जराशी ओलसर असताना, पोकळ दातांच्या एअरेटरने दोन-तीन इंच खोल टोचून घ्या आणि त्या भोकांत वाळू झाडूने लोटा.